मुक्काम पोस्ट

हाप्सालूच्या खाडीवर बर्फ धरला
की समुद्रावरून रस्ता जातो, पलीकडच्या गावाला.
कुठली गाडी सोडायची, कुठली परत पाठवायची,
हे नाक्यावरच्या खोपटातला जुना संगणक सांगतो.
मंगळवारी पहाटे तो बोलता बोलता पडला.

विविका रान्नामे पंचनाम्याला बसली आहे.
पायात लोकरी मोजे, खिडकीबाहेर उणे चौदा,
पडद्यावर मेलेल्या प्रोग्रामची शेवटची स्मृती,
जशीच्या तशी गोठलेली.
ती डीबगरला विचारते: जाडी किती होती?
डीबगर म्हणतो: चार.

चार सेंटिमीटरवर फार तर मांजर जाईल.
आणि त्याच पहाटे दुधाचा टँकर सुखरूप पार गेला होता.

आता हे समजून घ्या
की 'जाडी' नावाचं आत काही नसतंच.
नावं आपण ठेवतो, आपल्या सोयीला.
कंपायलर ती पुसतो आणि मागे एक चिठ्ठी ठेवतो,
होड्या दुरुस्त करणारा म्हातारा एन्देल
दाराला अडकवून जायचा तशी:
"दहापर्यंत धक्क्यावर.
दहा ते बारा लाइनेच्या मागच्या अंगणात.
त्यानंतर शोधू नका."

चल म्हणतात त्याला, आणि तो खरंच चालतो,
बिऱ्हाड पाठीवर घेऊन.
या सूचनेपासून त्या सूचनेपर्यंत मुक्काम पोस्ट रजिस्टर तीन,
मग स्टॅकमध्ये चोवीस घरं खाली,
मग कुठेच नाही.
कंपायलर मोठा काटकसरी:
ज्याचं काम संपलं त्याची खोली
अंथरूण गार व्हायच्या आत दुसऱ्याला.
अशा वेळी डीबगर सांगतो, काटकसरीत गेला.
ऐकून राग येतो,
पण निदान तो खोटं बोलत नाही.

कधी चिठ्ठीत पत्ताही नसतो, नुसतं गणित:
हा आकडा घे, त्यात तो मिळव,
येईल त्या दारावर टकटक कर,
आत जे सापडेल तोही पुन्हा एक पत्ताच समज.
डीबगर बिचारा बोट ठेवून ठेवून वाचतो.
कधी एवढंच लिहिलेलं:
मला ठाऊक नाही. ज्याने मला धाडलं त्याला विचार,
निघताना माझ्या हातात काय दिलं होतं.

विविका दुसरी कॉफी गार करते.
चिठ्ठी खरी आहे, अक्षरन् अक्षर.
हाक मारेपर्यंत जाडी रजिस्टर बारामध्ये.
हाकेला उत्तर आलं की
नवी जाडी उत्तराच्याच रजिस्टरात.

पण उत्तर आलंच नव्हतं.
प्रोग्राम खालच्या फंक्शनात उतरला आणि तिथेच पडला.
वर राहिला नुसता परतीचा पत्ता:
आलास की इथून पुढे चाल.
डीबगरने तोच प्रमाण मानला,
कधी न पडलेल्या पावलाचा पत्ता,
आणि तिथली ओळ वाचून
उत्तराच्या रिकाम्या पाटावर
कुणाचा तरी उष्टा चार उचलून आणला.

वजा एक.
परतीच्या पत्त्यातून एक वजा,
म्हणजे हाकेच्या आत,
तोंड अजून उघडंच असताना.
डीबगरमध्ये तेवढी एक ओळ घालते.
खालच्याने जपून ठेवलेलं रजिस्टर बारा वर येतं:
एक्केचाळीस.

ती नाक्यावर फोन लावते.
ताव्हीच्या तोंडात काहीतरी आहे, बहुधा पाव.
"एक्केचाळीसच की. मी स्वतः भोक पाडून मोजलं.
टेबलावरच्या वहीत आहे.
विचारायचंस ना."

मग पडला कशाने?
ते ताव्हीच्या वहीत नाही.
विविका एक मजला आणखी खाली उतरते,
पुढची चिठ्ठी उलगडते.